एवढा पैसा असून फुटबॉल क्लब बुडतात कसे

चोपड्याचा मावसभाऊ फोनवर दरवेळी एकच विचारतो, अरे भो, तिकडे खेळाडूला आठवड्याला लाखो पौंड देता, मग क्लब बुडता कसे? तर आज लिहितोच.

मी मँचेस्टरला राहतो, इथून ट्रामने बेरीला जाता येतं. तिथला क्लब 1885 चा, एफए कप (इंग्लंडची जुनी बाद फेरीची स्पर्धा) दोनदा जिंकलेला, 1900 आणि 1903 ला. ऑगस्ट 2019 मध्ये त्यांना लीगमधून काढून टाकलं, आणि खेळ वाईट होता म्हणून नाही, त्याच वर्षी तर ते वरच्या डिव्हिजनमध्ये चढले होते! पगार थकलेले, मैदान गहाण, आणि नव्या मालकाने क्लब घेतला होता 1 पौंडाला.

मुळात सगळ्यांना प्रीमियर लीगच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनच्या, टीव्हीचा पैसा दिसतो. तिथे पोचायचं म्हणून खालच्या चॅम्पियनशिपमध्ये कित्येक सीझन क्लबांचे नुसते पगारच एकूण उत्पन्नापेक्षा जास्त असतात, बाकी मालकाच्या खिशातून नाहीतर कर्जातून. लीड्स या क्लबने तर पुढच्या कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीवर आधीच पैसे उचलले, म्हणजे आपल्या रावेरला केळीची बाग निसवायच्या आत व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी तसं. 2001 ला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेची सेमीफायनल, 2004 ला प्रीमियर लीगमधून बाहेर, 2007 ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये.

पण मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. क्लब बुडाला की इथल्या लीगच्या नियमाने खेळाडू आणि दुसरे क्लब यांची देणी आधी, पूर्णच्या पूर्ण. खाणं पुरवणारा, प्रिंटिंगवाला, प्लंबर हे सगळे मागे. बेरीने देणेकऱ्यांशी केलेल्या तडजोडीत असल्या लोकांना पौंडामागे 25 पेन्स, म्हणजे चार आणेच, द्यायचं ठरलं होतं. पोर्टस्मथचा क्लब 2010 मध्ये बुडाला तेव्हा पैसे अडकलेल्यांत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स होती, म्हणजे मॅचला प्रथमोपचार करणारी सेवाभावी संस्था! स्ट्रायकरला पूर्ण पगार आणि पट्टी बांधणाऱ्याने थांबायचं, हा कुठला न्याय?

आता 2025 मध्ये कायदा झालाय, स्वतंत्र रेग्युलेटर आलाय, क्लबला लायसन्स लागणार, मालकाची तपासणी होणार, आणि मैदान विकायचं किंवा गहाण टाकायचं तर आधी परवानगी. चांगलंच आहे, पण त्या प्लंबरचा नंबर वर आणल्याशिवाय मी तरी हे काम पूर्ण झालं म्हणणार नाही. बेरीचा क्लब चाहत्यांनी परत उभा केलाय, 2023 पासून पार खालच्या लीगमधून, त्याच गिग लेन मैदानावर. भाऊ इकडे आला की त्याला तिथेच मॅचला नेणार आहे.