यादी मागता म्हणून

"राजकारण, इतिहास, संस्कृती, अर्थकारण, खेळ... प्रत्येकाचं एकेक चांगलं पुस्तक सांगा ना!" यावर मी गप्प का होते, असं तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून लिहिते. हा आखडूपणा नाही.

पूर्वी मी बिनदिक्कत याद्या द्यायचे. अर्थकारणात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सचं, पहिलं महायुद्ध संपवणाऱ्या व्हर्सायच्या तहावरचं १९१९ सालचं पुस्तक ठरलेलं. ब्रिटिश अर्थखात्यातर्फे तो पॅरिसच्या वाटाघाटींना होता. राजीनामा देऊन बाहेर पडला आणि त्याच वर्षी हे लिहिलं. जर्मनीकडून एवढी भरपाई उकळाल तर सगळा युरोप बुडेल, हे त्याने इतक्या तळमळीने मांडलंय की वाचताना शंका काढायचं भानच राहत नाही.

भाचीला प्रबंधासाठी मी तेच दिलं. तोंडी परीक्षेत तिला विचारलं गेलं, "मांतू वाचलाय का?" एतिएन मांतू हा फ्रेंच अर्थतज्ज्ञ १९४५ मध्ये युद्धात मारला गेला. केन्सला त्याने दिलेलं उत्तर पुढच्या वर्षी छापून आलं. वर्षाला दोन अब्ज मार्क जर्मनीला झेपणार नाहीत, असं केन्सचं म्हणणं. हिटलरने शस्त्रांवर त्याच्या कितीतरी पट पैसा ओतला, हे मांतूने दाखवलं. भाचीने हे नावच ऐकलं नव्हतं. घरी येऊन तिने विचारलं, "मावशी, तुला माहीत होतं हे पुस्तक?"

होतं. वाचलेलं होतं, समासात पेन्सिलीच्या खुणाही होत्या. केन्स मला आवडतो, म्हणून मी मांतूचं नाव काढलं नाही. ती "बरं" म्हणाली आणि आत निघून गेली. त्यानंतर कित्येक महिने तिने मला काय वाचू म्हणून विचारलं नाही.

तेव्हा मी म्हणायचे, सुरुवात तर होऊ दे, पुढचं ज्याचं तो शोधेल. नाही शोधत. विश्वासाच्या माणसाने दिलेलं पुस्तक आपण प्रमाण मानून मोकळे होतो. पण केन्स हाती पडला नसता तर भाची या विषयाकडे वळलीच नसती, हेही तितकंच खरं.

आणि ते पाच कप्पे! त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्सने १९३८ मध्ये हैतीतल्या गुलामांच्या क्रांतीचा इतिहास लिहिला. पुढे त्यानेच कृष्णवर्णीय क्रिकेटपटू फ्रँक वॉरेलला वेस्ट इंडिजचा कर्णधार करा म्हणून वर्तमानपत्रातून मोहीम चालवली. क्रिकेटवरचं त्याचं १९६३ सालचं पुस्तक मी कुठल्या कप्प्यात घालू?

आता कुणी फारच आग्रह केला तर जोडी देते, केन्स आणि मांतू. परवा एका मुलाने विचारलं, "आधी कुठलं वाचू?"

तोंडून केन्सच निघालं.