फोन, माउस, कीबोर्ड आणि हेडफोन एकत्र निवडताना: माझा अनुभव

फोन बदलायचा आणि त्याच वेळी लॅपटॉपसाठी बिनतारी माउस, कीबोर्ड आणि हेडफोनही घ्यायचे, असे ठरल्यावर मी फोनपासून सुरुवात केली नाही. आधी कागदावर लिहिले की कोणती वस्तू कशाला जोडली जाणार. माउस फक्त लॅपटॉपला. कीबोर्ड लॅपटॉपला आणि अधूनमधून फोनला. हेडफोन दोन्हींना, तेही दिवसभर. फोन तारेने लॅपटॉपला, कधी मोठ्या पडद्यालाही. एवढ्या चार ओळींनी निम्मे पर्याय आपोआप गळाले. सुटी वस्तू बहुधा चांगलीच असते, अडते ते दोन वस्तूंच्या मधल्या जोडणीत. म्हणून जोडणी आधी ठरवायची आणि वस्तू नंतर, हा क्रम मी शेवटपर्यंत सोडला नाही.

पहिला निर्णय डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टात खोचायचा छोटा रिसीव्हर, की ब्लूटूथ हा. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच चालतात, त्यामुळे पल्ल्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वागण्यात. डोंगल लावला की संगणकाला तो साध्या यूएसबी कीबोर्ड-माउससारखा दिसतो, म्हणून बायोसच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरही चालतो. ब्लूटूथचा कीबोर्ड बहुतेक संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्याशिवाय जागा होत नाही. विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की हे कळते, आणि तेव्हा घरात एखादा तारेचा कीबोर्ड नसेल तर काम तिथेच थांबते. माउसच्या बाबतीत डोंगल सेकंदाला १,००० वेळा, काही तर त्याहूनही जास्त वेळा, जागेची खबर देऊ शकतो. ब्लूटूथवर हा आकडा साधारण १२५ किंवा त्याहून कमी असतो. पत्रे लिहिण्यात आणि तक्ते भरण्यात हे जाणवत नाही. चित्र काढताना किंवा खेळताना लगेच जाणवते. शिवाय बॅटरी वाचवायला झोपी गेलेला ब्लूटूथ माउस हलवला की पुन्हा जोडला जायला एखादा-दोन सेकंद घेतो. उलट बाजूने, डोंगल एक पोर्ट अडवतो, फोनला सहज लागत नाही आणि हरवला तर माउस निरुपयोगी होण्याची शक्यता असते. या सगळ्याचा विचार करून मी माउस डोंगलचा, कीबोर्ड दोन्ही सोयींचा आणि हेडफोन ब्लूटूथचे असे ठरवले.

डोंगल घेताना तो एकाच वस्तूला बांधलेला आहे की अनेकांना चालतो, हे आधी विचारावे. लॉजिटेकचा युनिफाइंग डोंगल ६ वस्तूंपर्यंत सांभाळतो. २०२१ मध्ये आलेला त्यांचाच बोल्ट डोंगलही ६ वस्तू सांभाळतो, पण या दोघांची अदलाबदल होत नाही. जुना युनिफाइंग डोंगल घरात आहे म्हणून बोल्टचा कीबोर्ड घेतला, तर दोन्ही डोंगल लावूनच बसावे लागते. लॅपटॉपला दोनच पोर्ट असतील तर ही चूक रोज टोचते.

कीबोर्डच्या बाबतीत सुरक्षेचाही प्रश्न आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. माउसजॅक या नावाने २०१६ मध्ये जाहीर झालेल्या संशोधनात असे दिसले होते की अनेक कंपन्यांचे डोंगल सांकेतिक (एन्क्रिप्ट) न केलेला संदेशही स्वीकारतात, आणि काही अंतरावर बसलेला माणूस तुमच्या संगणकावर कळा दाबल्यासारखा मजकूर घुसवू शकतो. आपण पासवर्ड ज्या कीबोर्डवर टाइप करतो, त्याच्या माहितीपत्रकावर १२८ बिट एईएस या सांकेतिकीकरणाच्या पक्क्या पद्धतीचा उल्लेख नसेल तर मी तो घेत नाही, कितीही स्वस्त असो. ब्लूटूथवर जोडताना पडद्यावर ६ आकडे येतात. ते नव्या कीबोर्डवरच टाइप करून एंटर दाबायचे असते. पुष्कळ लोक जुन्या कीबोर्डवर टाइप करतात किंवा एंटर विसरतात आणि वस्तू खराब आहे असे समजून परत करतात.

आता सर्वात जास्त छळणारा दोष. माउस नवा, बॅटरी नवी, तरी कर्सर अडखळतो. कारण बहुधा शेजारच्या पोर्टमध्ये असते. यूएसबी ३ च्या तारा, पोर्ट आणि बाहेरच्या हार्डडिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच याची मोजमापे प्रसिद्ध केली होती. डोंगल त्या पोर्टला चिकटून असेल तर माउसचा क्षीण संकेत त्या गोंगाटात बुडतो. पडताळणी सोपी आहे. बाहेरच्या डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावायची आणि त्या वेळी माउस फिरवायचा. कॉपी चालू असतानाच कर्सर अडखळला आणि संपल्यावर सुरळीत झाला, तर दोष माउसचा नाही. उपाय म्हणजे अर्धा ते एक मीटर लांबीची यूएसबी २ ची एक्स्टेन्शन तार घेऊन डोंगल टेबलावर, माउसपासून हातभर अंतरावर आणायचा. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात लोखंडी पेटीआड लपलेल्या डोंगललाही हाच उपाय लागू पडतो. याबरोबर लॅपटॉप आणि फोन दोन्ही ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर हलवले, तर २.४ चा पट्टा डोंगल आणि ब्लूटूथसाठी बराच मोकळा होतो. हेडफोनचा आवाज अधूनमधून तुटतो, ही तक्रारही अनेकदा एवढ्यानेच मिटते.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी छोटा कीबोर्ड घेताना एक गोष्ट नीट पाहावी. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळमांडणीत ट हे अक्षर अवतरणचिन्हाच्या कळीवर, च अर्धविरामाच्या कळीवर आणि ड चौकोनी कंसाच्या कळीवर आहे. ऑ ची मात्रा उलट्या तिरप्या रेघेच्या कळीवर आहे. जागा वाचवायला अनेक लहान कीबोर्डांत या उजव्या बाजूच्या कळा अर्ध्या आकाराच्या करतात, जागेवरून हलवतात किंवा एफएन कळीच्या आड लपवतात. इंग्रजीत त्या क्वचित लागतात म्हणून कोणाला खटकत नाही. मराठीत ‘चटकन’ हा शब्द लिहायला दोनदा बोट तिकडे जाते. तेव्हा छायाचित्र मोठे करून एल कळीच्या उजवीकडची आणि पी कळीच्या उजवीकडची ओळ पाहावी, आणि त्या कळा पूर्ण आकाराच्या असल्याशिवाय कीबोर्ड घेऊ नये. तीन यंत्रांची सोय असलेल्या कीबोर्डवर १, २, ३ अशा कळा असतात. त्यातली एक दाबून धरली की त्या क्रमांकावर नवे यंत्र जोडले जाते, नुसती दाबली की त्या यंत्राकडे उडी मारता येते. चुकून जास्त वेळ दाबली तर जुनी जोडणी सुटते, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवलेले बरे.

माउसवर फार वेळ घालवू नये. ८०० ते १,६०० डीपीआय (माउस एक इंच हलला की कर्सर किती ठिपके सरकतो तो आकडा) रोजच्या कामाला पुरतात, खोक्यावरचे मोठे आकडे बहुतेकांच्या उपयोगाचे नसतात. पंजाचा आकार महत्त्वाचा: तळहात टेकून धरायची सवय असेल तर पिशवीत मावणारा चपटा माउस मनगट दुखवतो. काचेच्या टेबलावर साधा ऑप्टिकल माउस चालत नाही, त्याखाली पॅड हवे. पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेलच्या सेलचा दाब १.२ व्होल्ट असतो, साध्या सेलचा १.५, त्यामुळे काही माउस भरलेला सेलही अर्धा दाखवतात. ते बिघाडाचे लक्षण नाही.

हेडफोनवर मात्र वेळ घालवावा. लॅपटॉपवर गाणे उत्तम वाजते आणि मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो, हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाचा आहे. नेहमीचे ब्लूटूथ ऐकण्यासाठी एक पद्धत वापरते आणि बोलण्या-ऐकण्यासाठी दुसरी. हेडफोनचा माइक सुरू झाला की जोडणी दुसऱ्या पद्धतीवर जाते. तिथे आवाज एकाच वाहिनीचा आणि सेकंदाला ८ किंवा १६ हजार नमुन्यांचा, म्हणजे हलक्या दर्जाचा उरतो. महागडा हेडफोन घेऊनही हे टळत नाही. टाळायचे असेल तर मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा अंगचा माइक निवडायचा आणि स्पीकर म्हणून हेडफोन. दिवसाला चार-पाच तास बोलायचे असेल, तर स्वतःचा डोंगल असलेला हेडसेट घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोडेकची, म्हणजे आवाज आकसून पाठवण्याच्या पद्धतींची, नावे वाचून भुलू नये. एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण तो हेडफोन आणि फोन दोघांकडेही असावा लागतो. आयफोनवर तो नाही, तिथे एएसी आणि एसबीसीवरच भागवावे लागते. ब्लूटूथ ५.३ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असले तरी त्यावरून आवाजाचा दर्जा कळत नाही, कारण त्या आवृत्तीतल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक असतात. मी दोन गोष्टी शोधतो: मल्टीपॉइंट आहे का, म्हणजे लॅपटॉप आणि फोन एकाच वेळी जोडलेले राहतात का, आणि मल्टीपॉइंट चालू केल्यावर चांगला कोडेक बंद पडतो का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर मिळत नाही, कंपनीच्या संकेतस्थळावरच्या वापरपुस्तिकेत मिळते.

एवढे ठरल्यावर फोन. इथे माझी पहिली नजर कॅमेऱ्यावर जात नाही, पोर्टवर जाते. टाइप सी हा फक्त आकार आहे. आत यूएसबी २ असेल तर वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात ३०-४० मेगाबाइट. ६४ जीबी व्हिडिओ उतरवायला अर्धा तास जातो. २०२३ च्या आयफोन १५ मध्ये यूएसबी २ आहे आणि त्याच वर्षीच्या १५ प्रोमध्ये १० गिगाबिटचा यूएसबी ३, बाहेरून भोक तेच. मोठ्या पडद्यावर चित्र हवे असेल तर माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट हा शब्द शोधावा. नसेल तर साधा अडॅप्टर कामी येणार नाही. आणि तारही तपासावी: फोनसोबत येणारी चार्जिंगची तार बहुतेक वेळा यूएसबी २ चीच असते, त्यामुळे वेगवान फोनही तिच्यावर हळू चालतो.

चार्जर एकच ठेवायचा असेल तर पॉवर डिलिव्हरी (यूएसबीची सर्वांना सामाईक वेगवान चार्जिंगची पद्धत), आणि फोनला लागत असेल तर पीपीएस (तिच्यातलाच दाब बारीक टप्प्यांत बदलणारा प्रकार) असलेला घ्यावा. कंपनीची स्वतःची वेगवान पद्धत तिच्याच चार्जर आणि तारेवर चालते, दुसऱ्यावर फोन हळू चार्ज होतो. साधी सी-टू-सी तार ३ अँपिअर म्हणजे ६० वॉटपर्यंत असते. त्यापुढे चिप बसवलेली ५ अँपिअरची तार लागते. माउस-हेडफोनमध्ये आणखी एक गंमत सापडते: सी पोर्ट आहे, पण सी-टू-सी तारेवर काहीच चार्ज होत नाही. पोर्टच्या दोन सीसी टोकांवर ५.१ किलोओहमचे रेझिस्टर बसवले नसतील, तर चार्जरला पलीकडे काही आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. अशा वस्तूसाठी चपट्या टोकाची जुनी ए-टू-सी तार जपून ठेवावी.

बाकी फोनचे चटकन सांगतो. ८+८ जीबी रॅममधले दुसरे ८ म्हणजे साठवणुकीतून उसने घेतलेली जागा, ती रॅमइतकी वेगवान नसते. मोजायचे पहिले ८. अपडेटची वर्षे फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ यांना ७ वर्षे जाहीर झाली, पण दोन वर्षांनी घेतले तर हाती ५ उरतात. आयपी६८ या धूळ-पाणीरोधक दर्जाची चाचणी गोड्या पाण्यात होते; साबणाचे, गरम आणि खारे पाणी त्यात धरलेले नाही, आणि पाण्याने झालेला बिघाड बहुतेक वॉरंटीत बसत नाही. एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळ्या देशांसाठी वेगळे मॉडेल क्रमांक असतात आणि त्यांचे ५जी बँड, म्हणजे नेटवर्कचे लहरींचे पट्टे, हेही वेगळे असतात. आपल्या सेवेचे बँड, उदाहरणार्थ एन७८ किंवा एन२८, त्या नेमक्या मॉडेल क्रमांकासमोर आहेत का ते पाहावे.

वस्तू हाती आल्यावर परत करण्याची मुदत सुरू होते, आणि चाचण्या पहिल्या दोन दिवसांतच उरकाव्यात. फोनवर *#०६# लावून आलेला १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्याशी जुळवायचा. मग चारही वस्तू एकाच वेळी चालू करायच्या: लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल, बाहेरच्या डिस्कवर कॉपी, फोनवर गाणे, आणि हातात माउस. फोन खिशात ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊन यायचे. कॉलच्या मध्येच फोन वाजवून हेडफोन कोणाकडे वळतो ते पाहायचे. एकेकटी वस्तू तपासली तर यातला एकही दोष दिसत नाही.

जुना फोन बाजूला ठेवण्याआधी त्यातली हेडफोनची जोडणी पुसावी, आणि हेडफोनच्या यादीतूनही तो फोन काढावा. तसे केले नाही तर कपाटातला जुना फोन चालू असेपर्यंत हेडफोन डोक्यावर चढवताच तिकडे धावतो, मल्टीपॉइंटची एक जागा अडवतो, आणि नवा फोन जोडला जात नाही म्हणून आपण नव्या फोनलाच दोष देत बसतो.