गाडीवरनं पडला म्हणून सांग

वाघोलीच्या पुढं नगर रोडला मोठमोठी गोडाऊनं दिसतात ना, त्यातल्याच एका पार्सल कंपनीच्या हबला मी नाइट शिफ्टला टीम लीड होतो, कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट कंपनीच्याच पगारावर. ही गोष्ट ऑक्टोबर २०२३ ची, नवरात्रातल्या सेलची. सेल लागला की माल दुप्पट-तिप्पट येतो आणि माणसं ठेकेदार आणतो, लातूर नांदेड परभणीकडची पोरं, कुणी बारावी झालेलं कुणी डिप्लोमा अर्धवट सोडलेलं, केसनंदला एकेका खोलीत सात-आठ जण राहतात. पोरं कंपनीचं जॅकेट घालतात, कंपनीचा माल उचलतात, पण कंपनी ओळखते फक्त ठेकेदाराला, आणि त्या ठेकेदाराने खाली अजून एक ठेकेदार ठेवलेला.

मध्यरात्र उलटून गेली होती, डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला, भिवंडीची बत्तीस फुटी गाडी लागली. गाडी भरताना बॉक्सची भिंत रचत जातात, जड खाली आणि हलकं वर असा नियम आहे पण तिकडंही सेलची गर्दीच चालू, त्यांनाही गाडी सोडायची घाई. सील तोडलं, दाराची एक फळी उघडली आणि अख्खी भिंतच अंगावर आली. उदगीरकडचा एक पोरगा दाराशी होता, बाजूला उडी मारली त्याने पण डंबेलचा बॉक्स सरळ पावलावर पडला. पायात रबरी चप्पल. सेफ्टी शूज ठेकेदाराने द्यायचे असतात, तो देतो पण पैसे पगारातून कापतो, मग पोरं घेतच नाहीत. बघता बघता पाऊल सुजून जांभळं पडलं. पोरगं ओरडलं नाही, दात आवळून खाली बसलं आणि पहिलं वाक्य काय बोललं तर "दादा, बॉक्स फुटला का बघा ना, डॅमेज माझ्या नावावर टाकू नका."

१०८ ला फोन लावायचा तर फोन कुणाकडंच नाही. चोरी होते म्हणून सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा, रजिस्टरला नाव-टाइम लिहून टोकन देतात. ऑफिसचा फोन कुलपात. पळत गेटवर गेलो तर सिक्युरिटी म्हणतो ठेकेदाराच्या सुपरवायझरची सही आणा, त्याशिवाय माणूस बाहेर सोडता येत नाही. त्याचीही नोकरी आहे, समजतं, पण पार्सल बाहेर जायला जेवढा वेळ लागत नाही तेवढा एका जखमी माणसाला लागला हे मी विसरू शकत नाही. शेवटी एका पिकअपवाल्याला विनवलं आणि ससूनला निघालो.

सुपरवायझर गाडीत आमच्यासोबत बसला. येरवडा येईपर्यंत गप्प होता, मग म्हणाला, "कॅज्युअल्टीत विचारलं तर मोटरसायकलवरनं पडला म्हणून सांग. कामावर म्हणलास तर पोलीस येतील, सगळ्यांच्याच डोक्याला ताप. तुझी हजेरी मी चालू ठेवतो." पोराने मान डोलावली. कोण नाही डोलावणार, खोलीचं भाडं द्यायचंय, घरी पैसे पाठवायचेत.

माझे वडील, अण्णा, गुलटेकडी मार्केट यार्डात हमाल होते, हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेचे सभासद. ती उभी करणाऱ्या बाबा आढावांची भाषणं ऐकत त्यांची उमर गेली. ओझी वाहणाऱ्यांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा, त्यामुळं माथाडी बोर्डात नाव, मजुरी बोर्डातून, वर मालकाने भरायच्या लेव्हीतून फंड आणि ग्रॅच्युइटी. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला त्या काळात जे मिळालं ते या कॅमेरे लावलेल्या, बेल्टवाल्या गोडाऊनमधल्या पोराला २०२३ साली नाही, मला याचा खरंच संताप येतो. ससूनच्या आवारातनं पिकअपवाल्याच्या फोनवरून अण्णांना उठवलं. ते एवढंच म्हणाले, "पहिल्या कागदावर जे लिहितील तेच शेवटपर्यंत चालतं. कामावर लागलं तर कामावरच लिहायला सांग."

मी पोराला हे सांगितलं, जबरदस्ती नाही केली, नोकरी त्याची जाणार होती माझी नाही. तो थोडा वेळ पायाकडं बघत बसला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "कामावर, गाडी खाली करताना." तसंच केसपेपरला आलं, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, झाली. पावलाची दोन हाडं मोडली होती.

सकाळी खरा खेळ सुरू झाला. कंपनी म्हणे आमचा माणूस नाही, ठेकेदार म्हणे काल तो आलाच नव्हता. मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर, बघितलं तर खरंच नाव नाही. ईएसआयसीचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, पैसे पगारातून कापत होते पण विम्याचा नंबर कधी काढलाच नव्हता. २१ हजारापर्यंत पगार असला की ईएसआय लागू होतं, कामावर दुखापत झाली तर पगाराच्या ९० टक्के मिळतात, तेच बुडवलेलं. आणि कंपनीला हात झटकता येतच नव्हते, तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारी मूळ मालकावर पण होती, कंपनीने आधी द्यायचं आणि मग ठेकेदाराकडनं वसूल करायचं.

त्या रात्री शिफ्टची पोरं आत गेलीच नाहीत. नेता नाही, युनियन नाही, नुसती गेटबाहेर बसून राहिली. गाड्यांची लाइन रोडपर्यंत गेली तेव्हा मॅनेजर आले, उपचाराचा खर्च देऊ, शूज फुकट देऊ, चला आत. पोरं उठायला लागली तर स्कॅनिंगची एक मुलगी म्हणाली, "सर, लिहून द्या." ती तशीच उभी राहिली म्हणून बाकीचे परत बसले. अर्ध्या पानावर का होईना, सही-शिक्क्यासकट लिहून मिळालं.

लेबर ऑफिसला अर्ज केला तेव्हा तो कामावर होता याचा पुरावा मागितला. मोबाइलचं रजिस्टर तिथं कामाला आलं. नाव, आत यायचा टाइम, टोकन नंबर, आणि परत घेतल्याची सही नाही कारण फोन दुसऱ्या दिवशी मीच आणून दिला होता. चोरी पकडायला ठेवलेल्या वहीने ठेकेदाराचं खोटं उघडं पाडलं. तारखा बऱ्याच पडल्या पण औषधपाणी आणि बसून असलेल्या काळाची मजुरी कंपनीने दिली. पोरगा उदगीरला परत गेला, मेडिकलमध्ये काम करतो, जास्त वेळ उभं राहिलं की पाय दुखतो म्हणतो.

मी आता दुसऱ्या कंपनीत आहे, काम तेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे. आमच्या लोडर पोरांना विचारलं, एकाकडंही नाही. ठेकेदाराचा व्हॉट्सअपवर "उद्या नाइट" एवढाच मेसेज येतो. तो डिलीट करू नका आणि स्क्रीनशॉट घरी कुणाला तरी पाठवून ठेवा असं सगळ्यांना सांगितलंय.