नेव्हीचं मेडिकल आणि अपीलची खिडकी : माझा अनुभव

नौदलात अधिकारी व्हायचं तर एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत, सगळ्यात अवघड, असं जो तो सांगतो. मला विचाराल तर खरा कस अपील मेडिकलला, म्हणजे पहिल्या मेडिकलमध्ये अनफिट ठरल्यावरच्या फेरतपासणीला लागतो. बारावीनंतरच्या बीटेक एन्ट्रीला जेईई मेनच्या रँकवर बोलावणं येतं, ते आलं. एसएसबीचे पाच दिवसही छान गेले.

इंटरव्ह्यूत सरांनी विचारलं, "अलिबागची ना तू? मग कान्होजी आंग्र्यांबद्दल सांग." १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. ओहोटीला चालत जाऊन ज्या तटावर आम्ही लहानपणी बसायचो, त्याच तटाची ही गोष्ट, त्यामुळे मी भरभरून बोलले. पुढचा प्रश्न, ४ डिसेंबरलाच नौदल दिन का? १९७१ च्या त्या रात्री किनाऱ्याच्या रक्षणासाठी घेतलेल्या छोट्या क्षेपणास्त्र नौका आपल्या नौदलाने थेट कराचीवर नेल्या, हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. इतिहास गाईडमधून पाठ करू नका, आपल्या गावापासून सुरुवात करा.

मग मेडिकल. नाकाचं हाड वाकडं, म्हणून टेंपररी रिजेक्ट. अपील ४२ दिवसांच्या आत. ऑपरेशन लगेच उरकलं. पण ठरवून दिलेल्या रुग्णालयाच्या खिडकीवर एकच उत्तर, "तुमचे पेपर आले नाहीत, पुढच्या आठवड्यात या." फोन केला तर कोणी उचलत नसे. पहाटेची एसटी, बाबांची रजा, नाकात अजून खपल्या, आणि समोर तेच वाक्य. दिवस माझे संपत होते, त्यांचं काहीच बिघडत नव्हतं! तो राग अजून गेलेला नाही.

तिथल्या बाकावर मी 'खुकरी' या युद्धनौकेबद्दल वाचत बसायचे. ९ डिसेंबर १९७१ ला पाणतीर लागून जहाज बुडत असताना कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला खलाशांना बाहेर काढत राहिले, स्वतः उतरले नाहीत. ज्या नौदलात असे कप्तान झाले, तिथे जायचं तर एका खिडकीपुढे हार मानायची नाही, असं मी मनाशी घट्ट ठरवलं.

शेवटी मेडिकल बोर्डाने दिलेल्या अपीलच्या पत्राची झेरॉक्स पुढे केली आणि आतल्या अधिकाऱ्यांना भेटायचंच म्हणून बसून राहिले. त्यांनी पत्र पाहिलं, तिथल्या तिथे तारीख दिली. त्या पत्राच्या तीन-चार झेरॉक्स आणि डिस्चार्ज कार्ड कायम जवळ ठेवा. खपल्या पूर्ण जाऊ द्या, पण तारीख आधीच घेऊन ठेवा.

फिट झाले. मेरिट लिस्टमध्ये नावही आलं. आता केरळात एळिमलाला, नौदल अकादमीत जायची तयारी चालू आहे. २०२२ पासून नौदलाच्या निशाणावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, त्या निशाणाखाली उभं राहायचंय!

हो, एक राहिलंच. आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र मेडिकलच्या धावपळीआधीच करून घ्या.