घाटात परत: अडीच महिन्यांची नोंदवही

चार वर्षं सिंगापुरात होतो. तिथे गाडी घ्यायच्या हक्कासाठीच आधी बोली लावावी लागते, त्यामुळे बस आणि मेट्रो झिंदाबाद. एप्रिलमध्ये पुण्याला परत आलो तेव्हा कोथरूड ते नळस्टॉप एकदा चालवून बघितली आणि वाटलं, काही विसरलेलो नाही. शहरात सगळ्यांना असंच वाटतं. आधी दर पावसाळ्यात ताम्हिणी ठरलेला असायचा, म्हणून ठरवलं की जुलैपर्यंत हात परत घाटाला बसवायचा.

पहिला आठवडा गाडीतच गेला. टायरच्या बाजूला २३१८ असा शिक्का होता, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. खाच भरपूर होती, कायद्याच्या १.६ मिमीच्या कितीतरी वर, पण रबर कडक झालेलं आणि बाजूला केसासारख्या भेगा. भाऊ म्हणाला, "अजून वर्षभर जातील की." बाजारात जातील, ओल्या घाटात नाही. चारही बदलले. ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलं की हीच हमी १५५ वर येते. लांब उतारावर पेडल अचानक मऊ पडतं ते बऱ्याचदा यामुळेच.

मग वाई-पाचगणीचा पसरणी घाट. शेजारचे काका बरोबर होते. एसटीत तीस वर्षं काढलेली, भोर-महाड रस्ता तर पायाखालचा. चढताना काही बोलले नाहीत. उतरताना निम्म्यात खिडकी खाली केली.

"वास येतोय का तुला?"

"कसला, काका?"

"तुझ्याच ब्रेकचा. पाय उचलतच नाहीयेस."

गाडी कडेला घेऊन पंधरा मिनिटं थांबलो. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे मला पाठ होतं, दुसऱ्यांना सांगितलंही होतं. तरी तिसऱ्यात उतरत होतो आणि उरलेलं काम ब्रेककडून करून घेत होतो. काकांनी बोटांच्या पेरांवर मोजलं होतं: ब्रेक एकाहत्तर वेळा.

घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की पाय गंजलेला नव्हता, नजर गंजली होती. मी बॉनेटच्या पुढे वीस-पंचवीस मीटर बघत होतो. वळण दिसेपर्यंत ते आलेलंच असायचं, मग दाब ब्रेक. वळणाला रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्याला आपण लिमिट पॉइंट म्हणतो. तो जवळ येत असेल तर वेग जास्त आहे, तेवढ्याच अंतरावर राहत असेल तर बरोबर, लांब पळायला लागला की वळण उघडतंय, ॲक्सिलरेटर द्यायला हरकत नाही. काकांना हा शब्द माहीत नाही. ते म्हणाले, "रस्ता संपल्यासारखा दिसतो तिथं बघ. तो अंगावर यायला लागला की तू जोरात आहेस." तीस वर्षं ते हेच करत आले होते.

नजर परत लांब न्यायला मला सर्वात उपयोगी पडलं ते मोठ्याने बोलत चालवणं. आधी हसू येतं, शेजारी कोणी असेल तर जास्तच. पण दुसऱ्या फेरीत असं चाललं होतं: "डावं वळण, कठडा तुटका, आरसा आहे पण धुळकट, वर झाडीत एसटीचं टप दिसलं, म्हणजे पुढच्या वळणाला समोरून येणार, दुसरा गिअर आत्ताच." बोलायला आधी दिसावं लागतं. जिथे बोलणं तुटायचं तिथेच नंतर ब्रेक लागायचा, हे काकांनीच दाखवून दिलं. (खाली कृष्णेचं खोरं सुंदर दिसतं. त्यावर चालकाने बोलायचं नाही.)

एका बाबतीत पुस्तकी पद्धत मी सोडून दिली. ब्रिटिश पोलिसांच्या प्रशिक्षणातून आलेला क्रम मला आवडतो: माहिती, जागा, वेग, गिअर आणि मग ॲक्सिलरेटर. त्यात डाव्या वळणाआधी मधल्या रेषेकडे सरकतात, म्हणजे लांबचं दिसतं. आपल्या घाटात समोरचा टेंपो वळण कापत तुमच्या बाजूला आलेला असतो. त्यामुळे मी डावीकडेच राहतो, कमी दिसतं तेवढा वेग कमी करतो आणि वळणाआधी हॉर्न देतो. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे २०१७ च्या वाहनचालन नियमावलीतही आहे. उतरणारे तिथेच दिवे मारतात. मारू देत.

तिसरी फेरी सोमवारी पहाटे केली, रविवारी पसरणीत सराव होत नाही, नुसती रांग लागते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. गिअर खाली घेताना क्लच सोडायच्या आत जरा ॲक्सिलरेटर द्यायची सवय गेली होती, ती पहिल्या सात-आठ वळणांनंतर आली. तोवर काकांची मान पुढे-मागे होत होती. मोजणी अठ्ठावीस. त्यातले पाच माकडांसाठी, ते धरू नयेत असा माझा अर्ज फेटाळण्यात आला.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी ताम्हिणी. मुळशीपर्यंत नुसता पाऊस, पुढे धुकं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेल्यावर मी तिथे दोन सेकंदांनी पोचावं, एवढं अंतर एरवी ठेवतो, तिथे चार धरले. हाय बीम लावला की धुकं पांढरी भिंत होतं, म्हणून लो बीमच. एका ठिकाणी लिमिट पॉइंट दहा मीटरवर आला तेव्हा चालत्या माणसाच्या वेगाने गेलो. मागच्याने हॉर्न लावून धरला होता, त्याला जागा मिळताच पुढे जाऊ दिलं.

उतारावरचा आकडा या वेळी नोंदवहीत नाही. काकांना निम्म्या घाटातच डोळा लागला होता, विळ्याला चहासाठी उठवलं.