आमची वाटचाल : बिबड्यांचा धंदा आणि नावाची राखण

अमळनेरच्या आमच्या गृहउद्योगाची सुरुवात आईने गल्लीतल्या बायकांना सोबत घेऊन उन्हाळ्यात केलेल्या ज्वारीच्या बिबड्यांपासून, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीच्या पापडांपासून, झाली आणि पुढची बरीच वर्षे आमची उधारी, वसुली आणि तक्रार ही सगळी ओळखीच्या माणसांमधूनच चालत असे. माल सुरतेला स्थायिक झालेल्या खान्देशी कुटुंबांकडे जाई, पैसे आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी येणाऱ्या लेकी रोख आणून देत आणि एखाद्या वर्षी बिबडे जास्त आंबले तर ते ऐकवायलाही त्याच येत. त्या व्यवहारात फसवणूक अवघड होती, कारण फसवणाऱ्याला पुन्हा त्याच गल्लीतून जावे लागे.

२०२० च्या टाळेबंदीनंतर मागणी फोनवर येऊ लागली, बिबड्यांच्या जोडीला काळा मसाला, उडदाचे पापड आणि नंदुरबारच्या मिरचीचे तिखट आले आणि गल्ल्याशेजारी क्यूआर कोड लागला. धंदा वाढला तो त्यामुळेच. मात्र ज्याचा चेहरा कधी दिसणार नाही अशा माणसाशी व्यवहार करण्याची शिस्त आम्हाला तेव्हापासून नव्याने बसवावी लागली.

पहिला प्रसंग सैन्यातील अधिकारी म्हणवणाऱ्या गृहस्थाचा. त्यांनी छावणीच्या भोजनालयासाठी मसाल्याची मोठी मागणी नोंदवली, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवले आणि आगाऊ रक्कम जमा होण्यासाठी आम्ही त्यांचा कोड स्कॅन करून पिन टाकावा, असा आग्रह धरला. हिशेब सांभाळणाऱ्या वहिनींनी तिथेच नकार दिला, कारण यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. ग्राहकाने दाखवलेले पैसे भरल्याचे चित्र आम्ही पुरावा मानत नाही. रक्कम खात्यात दिसल्यावरच पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीत चढते. कोडावर दुसऱ्याचा कोड चिकटवला जाऊ नये म्हणून तो काचेच्या आतून लावला आहे. लग्नसराईत पत्रिकेच्या नावाने येणाऱ्या एपीके, म्हणजे फोनमध्ये घातक ॲप बसवू शकणाऱ्या, फाइली उघडण्याचा मोह होऊ नये यासाठी बँकेचे व्यवहार ज्या फोनवर होतात, त्यावर मागण्या घेतल्याच जात नाहीत.

या सगळ्यात धोका पैशाला होता. खरा घाव नावावर बसला, तो एका दिवाळीच्या तोंडावर. आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांची छायाचित्रे वापरून कोणीतरी समाजमाध्यमावर आमच्याच नावाचे पान उघडले, निम्म्या दराने फराळ आणि मसाला देऊ केला आणि आगाऊ पैसे घेतले. माल अर्थातच कोणाला मिळाला नाही, आणि पुण्या-सुरतेच्या फसलेल्या लोकांनी राग काढला तो गूगल नकाशावरील आमच्या खऱ्या नोंदीवर, एकेक तारा देऊन. वर्षानुवर्षे जपलेल्या नावाखाली अपरिचित लोकांनी ‘चोर’ लिहिलेले वाचताना आईला झालेला त्रास कोणत्याही हिशेबात मांडता येत नाही.

ते शेरे खोटे नव्हते, ही त्यातली अवघड बाब होती. ती माणसे खरोखर फसली होती, फक्त आमच्याकडून नव्हे. म्हणून भांडण न करता प्रत्येक शेऱ्याखाली आम्ही सही करून उत्तर लिहिले: पैसे ज्या खात्यात गेले ते आमचे नाही, तुम्ही १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा आणि यूटीआर क्रमांकासह (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी तक्रार झाली तर ती अडवता येते, त्यामुळे तिथे तासांना महत्त्व असते. ही तक्रार ज्याचे पैसे गेले त्याने करावी लागते. आमची स्वतंत्र तक्रार तोतयेगिरीची होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बनावट पान उतरले ते मात्र छायाचित्रांवरील आमच्या हक्काच्या दाव्यामुळे, कारण मूळ छायाचित्रे तारखेसह आमच्याकडे होती. उत्तरे वाचून काही ग्राहकांनी आपणहून शेरे मागे घेतले.

त्याच गडबडीत वाईट शेरे काढून देण्याचा ठेका घेणारा एक जण पुढे आला आणि पैसे न दिल्यास तारे आणखी उतरतील, असेही त्याने सुचवले. त्याचे संदेश जपून आम्ही पोलिसांच्या तक्रारीला जोडले. चांगले शेरे विकत घेण्याचा सल्ला जवळच्यांनीही दिला होता, पण तो मार्ग आम्हाला पटत नाही. विकतच्या स्तुतीची भाषा सुरतेच्या आमच्या ग्राहक मावशी पहिल्याच ओळीत ओळखतील. पापडांचा चुरा पोहोचल्याची तक्रार खरी असेल तर ती तिथेच राहू द्यावी आणि खाली भरपाईचे लिहावे, असा आमचा नियम आहे.

एका धोक्याबद्दल व्यापारी मंडळींत फारसे बोलले जात नाही. फसवणुकीचे पैसे वापरून कोणी आपल्याकडे खरेदी केली, तर दुसऱ्या राज्यातील तपासामुळे आपलेच खाते गोठू शकते. ओळखीतल्या एका दुकानदारावर ही वेळ आली आणि कामगारांचा पगार अडकला. तेव्हापासून ऑनलाइन जमेचे खाते आम्ही वेगळे ठेवले आहे, त्यातील रक्कम नियमितपणे मुख्य खात्यात वळवतो आणि प्रत्येक मागणीचे बिल, पार्सलची पावती व यूटीआर क्रमांक एकत्र लावून ठेवतो, कारण अशा वेळी माल खरोखर विकल्याचा पुरावा दुकानदारालाच द्यावा लागतो.

आता प्रत्येक पाकिटावर आमचा एकच संपर्क क्रमांक छापलेला असतो आणि आखाजीपूर्वी तोच जुन्या ग्राहकांना पुन्हा कळवला जातो. गूगल नकाशावरील नोंदीत कोणीही बदल सुचवू शकतो, म्हणून तिची मालकी सिद्ध करून घेतली आहे आणि तिथला क्रमांक वहिनी अधूनमधून तपासतात. ‘खान्देशी मसाला’ या वर्णनात्मक शब्दांवर कोणाला एकट्याला हक्क मिळत नाही, त्यामुळे आईच्या नावासह असलेल्या आमच्या चिन्हासाठी व्यापारचिन्ह नोंदणीचा अर्ज केला आहे; लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असल्याने शुल्क नऊ हजारांऐवजी साडेचार हजार रुपये पडले. अर्ज सरकारच्या व्यापारचिन्ह नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी चार महिन्यांची मुदत असते आणि नोंदणी होण्याआधी ती झाल्याचे दर्शवणे कायद्याला धरून नाही, म्हणून सध्या पाकिटावर नावापुढे केवळ ‘टीएम’ (ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह) ही अक्षरे छापली जातात.