कमरेला किती, पिशवीत किती

सोमवार, रात्री अकरा

पट्टा सोडला तेव्हा उजव्या कमरेवर तळहाताएवढा लाल वळ उठलेला दिसला. दोन-तीन दिवस दुखत होतंच, पण आरशात बघितलं ते आज. मग खोलीचं दार लावून घेतलं, आधी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, काडतुसं मोजून डबीत ठेवली आणि दिवसभर अंगावर वागवलेलं सगळं चादरीवर मांडलं. रिव्हॉल्व्हर आणि त्याचं होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला अडकवायचं म्यान. बाबांच्या जुन्या कातडी पाकिटात सहा जादा काडतुसं. टॉर्च. मिरचीचा स्प्रे. घडीचा चाकू. दोन फोन, पॉवर बँक. आमच्या सराफी पेढीच्या आणि घराच्या किल्ल्यांचा जुडगा. परवाना. मलमपट्टीची पिशवी. स्वयंपाकघरातला काटा आणून एकेक वस्तू त्यावर ठेवत गेले. बेरीज झाली दोन किलो तीनशे ग्रॅम. दिवसभर मी मिलिग्रॅममध्ये वजनं करते. हे वजन आज पहिल्यांदा केलं.

बाबांनी सत्तरी ओलांडली आणि त्यांचं शस्त्र माझ्याकडे आलं. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. अर्ज, पोलिसांची चौकशी, डॉक्टरांचा दाखला, प्रशिक्षण, सगळं रीतसर झालं. कानपूरच्या कारखान्यातलं .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे, सहा गोळ्यांचं, वजनाला सातशे ग्रॅमच्या आसपास. जुन्या वेब्लीच्या घडणीचं असल्यामुळे बिजागरीवर मोडून उघडतं. बाबांनी सव्वीस वर्षं ते सांभाळलं. एकदाही कुणावर रोखलं नाही.

नाशिकच्या सराफ बाजारातून माल घेऊन बाहेर पडणं आठवड्यातून चार वेळा तरी होतंच. २०२१ मध्ये हॉलमार्किंग, म्हणजे दागिन्यांवर शुद्धतेचा शिक्का, सक्तीचं झालं, तेव्हापासून त्यासाठीच्या फेऱ्या वाढल्या. शिवाय कारागिरांकडे जाणं, सिन्नर-निफाडकडच्या लग्नघरी दागिने दाखवायला नेणं. आमच्या धंद्यात हे टळत नाही.

पहिले काही दिवस कमरेला फक्त रिव्हॉल्व्हर असायचं. मग एका संध्याकाळी बोळातले दिवे गेले आणि मला कुलूप दिसेना, म्हणून टॉर्च आली. शेजारच्या वहिनींची सोनसाखळी भरदिवसा ओढून नेली, त्या आठवड्यात स्प्रे आला. फोनची बॅटरी एकदा नेमकी नको तिथे संपली, म्हणून दुसरा फोन आणि पॉवर बँक. भीती वाटली की एक वस्तू वाढायची. काढून मात्र एकही टाकली नाही, कारण काढलेल्या दिवशीच तिची गरज पडेल असं वाटत राहायचं.

त्यात भर पडली अमेरिकेतल्या लोकांच्या व्हिडिओंची. तिकडे परवान्याने किंवा काही राज्यांत परवान्याशिवायही लोक पिस्तूल झाकून बाळगतात आणि रोज सोबत काय काय असतं ते टेबलावर मांडून दाखवतात. पिस्तूल, जादा मॅगझिन (पिस्तुलात सरकवायची गोळ्यांची पेटी), टॉर्च, चाकू, रक्त थांबवायचा टूर्निके. मी ते बघून तसंच्या तसं उचललं. आज वजन करताना पहिल्यांदा विचार केला, की त्यांनी जादा मॅगझिन घेण्याचं कारण काय? त्यांच्याकडे बहुतेक ९ मिलिमीटरची मॅगझिनवाली पिस्तुलं असतात. ते बोअर, म्हणजे त्या मापाची नळी, आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळतच नाही, प्रतिबंधित आहे. आणि असं पिस्तूल अडकलं तर दोष पुष्कळदा मॅगझिनचाच असतो, म्हणून दुसरं जवळ ठेवायचं. माझ्या रिव्हॉल्व्हरला मॅगझिनच नाही! सहा घरांचं सिलिंडर, तेवढंच. म्हणजे त्यांच्या अडचणीवरचा उपाय मी जादा काडतुसांच्या रूपात चार महिने कमरेला बांधून फिरतेय.

झोप येत नाहीये. उद्या बाबांशी बोलायला हवं.

मंगळवार

पेढीवर गर्दी. बोलणं झालं नाही.

बुधवार, रात्री

जेवणं झाल्यावर बाबांसमोर ते कातडी पाकीट ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, एक काडतूस ओढून काढलं आणि दिव्याखाली धरलं. पितळेवर जिथे कातडं घट्ट बसतं तिथे हिरवट पापुद्रा जमला होता, जुन्या समईच्या खाचेत जमतो तसा. नखाने खरवडला तर पावडर सुटली. कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही मिळून पितळेला खातात. बाबांनी सहाही काढली. चार तशीच हिरवी पडली होती.

"ही कमरेला लावून तू निर्धास्त होतीस?" एवढंच म्हणाले. रागावले नव्हते, पण मला लागलं. ज्या गोळ्यांच्या भरवशावर मी स्वतःला सुरक्षित समजत होते त्या मी चार महिन्यांत एकदा उघडून बघितल्या नव्हत्या.

मग हिशेब काढला. माझ्या परवान्यावर एका वेळी पंचवीस काडतुसं आहेत. सहा शस्त्रात, सहा पाकिटात, उरली तेरा. म्हणजे सरावाला जायचं तर तेराच, आणि त्यांतलीही 'असू देत' म्हणून मी राखून ठेवते. रेंजवर शेवटची गेले त्याला किती दिवस झाले ते लिहायची लाज वाटते. बाबा त्यांच्या काळात पाचच भरायचे, गोळीवर आपटणाऱ्या घोड्याखालचं सिलिंडरातलं घर रिकामं ठेवायचे. सहा काय आणि बारा काय, असं त्यांचं मत. त्यांचं म्हणणं असं, की बाजारपेठेत तुला पहिल्या दोन गोळ्यांत वाचता आलं नाही तर सातवी गोळी तुला वाचवणार नाही, पाठीमागच्या दुकानातल्या कुणाला तरी लागेल. आमचा बाजार किती अरुंद आहे ते ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. समोरासमोरच्या दोन दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं एकमेकांना चहाचा कप देऊ शकतात.

मी त्यांना आणखी एक विचारलं. २०२४ मध्ये लोकसभेच्या आचारसंहितेत आणि पुन्हा विधानसभेच्या वेळी आमचं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा होतं. ते आठवडे आपण कसे काढले? बाबा म्हणाले, "तेव्हा तू रोज वेगळ्या वेळेला निघायचीस. मामांना सोबत नेल्याशिवाय जायची नाहीस. पोचलीस की फोन करायचीस." मी गप्प राहिले. शस्त्र परत आल्यावर यातलं बरंचसं मी सोडून दिलं होतं, आणि सोडून दिलंय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आणि एक गोष्ट त्यांनी पुन्हा बजावली, परवाना आला त्या दिवशी सांगितलेली. माल गेला तर जाऊ द्यायचा, त्याचा विमा आहे. पट्ट्याला आहे ते सोन्यासाठी नाही, जिवासाठी आहे. कायदा दरोड्याच्या वेळी मालमत्तेच्या बचावालाही बरीच मुभा देतो, भारतीय न्याय संहितेतली ती कलमं मी वाचलीत. पण या घरातला नियम त्याहून कडक आहे आणि तो मला मान्य आहे.

शुक्रवार, उशिरा

जे लिहायचं टाळत होते ते आज लिहिते.

आषाढातली गोष्ट. सिन्नरहून परत येत होतो, मामा गाडी चालवत होते, दागिन्यांची पेटी माझ्या पायाशी. शिंदे गावाच्या अलीकडे रस्ता ओला होता आणि आमच्यासमोर एक मोटारसायकल घसरली. मुलगा विशीतला. नडगी उघडी पडली होती आणि रक्त थांबत नव्हतं. मामांनी गाडी बाजूला घेतली. मी पेटी सीटखाली सरकवली, दार लॉक केलं आणि धावले.

गुडघ्यांवर बसले. कमरेची पिशवी उघडायला गेले तर ती होल्स्टर आणि स्प्रेच्या मध्ये अडकलेली, चेन निघेना. ओढाताण करताना कुर्त्याची बाजूची चीर वर सरकली. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई पोलीस आहेत का?" मी खाली पाहिलं, तर रिव्हॉल्व्हरची मूठ उघडी पडली होती. भोवती दहा-बारा माणसं वाकून उभी. मी उजवं कोपर घट्ट दाबून धरलं आणि त्या क्षणापासून माझ्याकडे एकच हात उरला. डाव्या हाताने पट्टीचं पाकीट फाडता येईना. शेवटी दातांनी फाडलं, घडी मामांच्या हातात दिली आणि म्हटलं, "मामा, दाबून धरा, अजिबात उचलू नका." त्यांनी दहा मिनिटं दाबून धरली. रुग्णवाहिका आली. पोरगा वाचला, नंतर त्याच्या आईचा फोन आला होता.

पण मी तिथे बसून काय करत होते? एक डोळा जखमेवर, एक डोळा गाडीकडे, आणि कोपर कमरेवर. मदत करायला उतरलेली बाई स्वतःच जखडलेली. शस्त्र नियमांतला नियम ३२ सांगतो, की सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असला पाहिजे. आपल्याकडे झाकून बाळगणं हा शौक नाही, ती परवान्याची अट आहे. मोडली तर परवाना जाऊ शकतो. त्या दिवशी झाकलेलं नव्हतं, आणि ताबा होता तो केवळ कोपराच्या जोरावर.

बायकांच्या कपड्यांत हा प्रश्न वेगळाच आहे, आणि शिकवणाऱ्या कुणी त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. सलवारीच्या नाडीला सातशे ग्रॅम पेलत नाही. साडीवर पट्टा लावला तर पदराखाली फुगवटा दिसतो. पर्समध्ये ठेवावं तर आमच्याकडे चोर आधी पर्सच ओढतात, म्हणजे शस्त्र आपल्या हाताने त्याला दिल्यासारखं. शिवाय पर्समध्ये किल्ल्या आणि पेनं असतात. ट्रिगर झाकणारं होल्स्टर नसेल तर किल्लीचं टोक कुठे शिरेल सांगता येत नाही. म्हणून मी कडक पट्ट्याची पॅन्ट आणि वर सैल कुर्ता घालते. पण पट्ट्यावर आणखी पाच वस्तू लटकवल्या की पट्टा खाली झुकतो, होल्स्टर तिरकं होतं, आणि मी दर दोन मिनिटांनी हात लावून ते सरळ करते. त्या हात लावण्यानेच कळतं बघणाऱ्याला.

शनिवार

सगळं पुन्हा चादरीवर मांडलं. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: ही माझ्या अंगावरच असायला हवी का, की गाडीत, पेढीत, मामांच्या खिशात चालेल?

चाकू परत ड्रॉवरमध्ये. चार महिन्यांत त्याने दोऱ्याच तोडल्या, आणि त्याला पेढीवर कात्री आहे. दुसरा फोन आणि पॉवर बँक गाडीत. पेढीच्या किल्ल्या मामांकडे आणि माझ्याकडे वाटून. मलमपट्टी कमरेवरून गेली, पण कमी केली नाही, उलट वाढवली. डिकीत मोठी पेटी ठेवली, जाड घड्या, रुंद पट्ट्या, हातमोजे, कात्री, आणि मामांनाही ती कुठे आहे ते दाखवलं. स्प्रेवर बराच वेळ अडले. शेवटी ठेवला, पण डाव्या खिशात, होल्स्टरपासून लांब. बाजारात माझ्यावर येण्याची शक्यता असलेल्या बहुतेक प्रसंगांना तो पुरतो. टॉर्च ठेवली, पण बोटाएवढी छोटी. परवाना अर्थातच.

जादा काडतुसं पाकिटातून कायमची निघाली. हिरवी पडलेली चार बाजूला ठेवली आहेत, ती परत करण्याची रीत विक्रेत्याला विचारून घेणार आहे. बाकीची कोरड्या डबीत. आता सरावाला जास्त उरतील, आणि महिन्याची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने टाकली आहे.

कुठल्या दिवशी काहीच न्यायचं नाही तेही ठरवलं. देवळात, लग्नात, दवाखान्यात जायचं असेल त्या दिवशी शस्त्र तिजोरीतच. गाडीत ठेवून जाणं मला पटत नाही, काच फोडायला किती वेळ लागतो? आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत तर पेढीच बंद ठेवावी असं बाबांचं मत आहे. २७ ऑगस्ट २००३ ला गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पलीकडच्या काठाला चेंगराचेंगरीत एकोणचाळीस माणसं गेली. त्या दिवशी बाबा शटर ओढून आत बसले होते. तसल्या रेट्यात स्वतःच्या हातावर ताबा राहत नाही, कमरेवरच्या वस्तूवर कुठून राहणार?

सोमवार, रात्री

आज नव्या मांडणीने पूर्ण दिवस काढला. काट्यावर सगळं मिळून एक किलो दोनशे. हॉलमार्किंगला जाऊन आले, वेळ बदलून, मामांना घेऊन, पोचल्यावर बाबांना फोन करून. शिवून घेतलेला बंद चिरीचा कुर्ता घातला होता. दुपारी सराफ बाजारात एकदम जोराचा पाऊस आला, पाणी पायऱ्यांना लागलं, सगळ्यांची धावपळ झाली. मी दोन्ही हातांनी खालच्या कप्प्यातले ट्रे उचलून वर ठेवले. दोन्ही हातांनी. संध्याकाळी बाबांनी विचारलं, दिवसभरात कमरेला किती वेळा हात लावलास? मी मोजलं नव्हतं, पण मामा म्हणाले, "एकदाच, गाडीत बसताना." उजव्या बाजूला लावलेलं सीटबेल्टखाली दबतं, तेवढं अजून सुटलेलं नाही. त्यासाठी होल्स्टर दोन बोटं पुढे घेऊन बघणार आहे.

वळ फिका पडलाय. ओझं कमी झाल्यामुळे पट्टा मात्र सैल वाटतोय, उद्या चांभाराकडून एक भोक वाढवून आणायचं आहे.